कुणापासून लपवायचं? साखर पेठेतल्या एका गाळ्याचं ब्राउझर-प्रकरण

जुलैचा शेवटचा आठवडा, आयटीआर भरायची घाई. सोलापूरच्या साखर पेठेतल्या टॉवेल-चादरीच्या एका गाळ्यात दुपारी अण्णा काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. शेजारी हैदराबादची जुनी पार्टी चहा घेत होती, मागे दिवाणजी चलनं लावत होते. इन्कम टॅक्सची साइट उघडायला अण्णांनी ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी 'आय' दाबलं. रोज एवढं केलं की पुढचं नाव आपोआप यायचं. त्या दिवशी आलं ते 'आयव्हीएफ'. त्याखाली आणखी तीन ओळी होत्या: आयव्हीएफचा खर्च, पुण्यातल्या एका केंद्राचं अपॉइंटमेंटचं पान, आणि 'आययूआय किती वेळा करतात' असा एक सर्च.

अण्णांनी काही न बोलता स्क्रीन पार्टीच्या नजरेआड वळवली. काम उरकलं, रात्री जेवताना हवापाण्याच्या गप्पा मारल्या, कुणाला काही विचारलं नाही. पण आतल्या टेबलावर बिलं करणारी धाकटी सून तेव्हा फाइल घ्यायला त्यांच्या मागेच उभी होती. तिनं ती पट्टी पाहिली होती. अण्णांनी पाहिलं, हेही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "अक्का, माझा मोबाइल कुणीतरी हॅक केलाय. तुम्ही बघाल का? गाळ्यावर नको, मीच तुमच्याकडे येते."

मी सोलापुरात लहान कारखान्यांचे, गाळ्यांचे, दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. व्हायरस, प्रिंटर, टॅली, जीएसटीची अडकलेली रिटर्न्स हे रोजचं. हे प्रकरण मात्र आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. धाकट्या सुनेनं स्वतः सांगितलं म्हणून लिहिते आहे. नावं गाळली आहेत आणि घर ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

मोबाइल हॅक झालेला नव्हता

ती आली ती थेट मुद्द्यावर आली. लग्नाला सहा वर्षं झालीत, मूल नाही. नवरा-बायकोनं मिळून ठरवलं होतं की डॉक्टरांकडून काही पक्कं कळेपर्यंत घरात कुणाला सांगायचं नाही. सासरी कुणी वाईट वागणारं होतं असं नाही. सगळ्यांच्या काळजीचं ओझं इतक्यात अंगावर घ्यायचं नव्हतं, इतकंच. हे सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. मला तेच जास्त लागलं.

मोबाइल तपासला. अनोळखी ॲप नाही, कुणी काही बसवलेलं नाही. मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये गेले आणि वर लिहिलेला ईमेल पत्ता वाचून हात थांबला. तो गाळ्याचा होता. त्याखाली 'सिंक चालू' असं लिहिलेलं होतं, म्हणजे त्या खात्यावरच्या सगळ्या उपकरणांत तेच उमटणार: हिस्ट्री, उघडे टॅब, पासवर्ड, सगळं.

ते खातं मी जोडून दिलं होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाळा बंद होता, ती घरून बिलं करत होती. पार्ट्यांचे नंबर, पासवर्ड तिच्या मोबाइलवर यावेत म्हणून मी गाळ्याचंच खातं त्यात टाकलं, सिंक चालू केलं, आणि काम झालं म्हणून उठून गेले. पाच मिनिटांची सोय होती. त्या दिवसापासून तिनं मोबाइलवर जे शोधलं, ते काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्या हिस्ट्रीत जाऊन बसत होतं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शोध असायचे ते सुताचे भाव, रेल्वेचं तिकीट, भाचीच्या बारशाची साडी असले. मी तिला हे सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

खात्यावर कुठकुठली उपकरणं जोडलेली आहेत त्याची यादीही उघडली. चार नावं होती. गाळ्याचा कॉम्प्युटर, तिचा मोबाइल, अण्णांचा मोबाइल, आणि एक नुसताच मॉडेल नंबर. घरात एक जुना टॅब आहे असं ती म्हणाली. तोच असेल असं धरून मी पुढे गेले.

दुसरी गळती वेगळ्या वाटेनं झाली होती

सिंक बंद करून विषय संपला असता. पण तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. चहाच्या वेळी दिवाणजी गाळ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी बातम्या वाचतात. गेले तीन आठवडे बातमीच्या मधोमध वंध्यत्व केंद्रांच्या जाहिराती येत होत्या. दिवाणजी साठीचे. त्यांना वाटलं, हल्ली सगळीकडे हेच चालू आहे.

सिंकमधून हिस्ट्री येते, पण जाहिरातदारांच्या कुकीज येत नाहीत. मग हे कुठून आलं? तिला विचारलं तेव्हा आठवलं. एका रविवारी गाळा बंद असताना ती तिथं बसून त्या केंद्राचा फॉर्म भरत होती, कारण मोबाइलवर तो धड उघडत नव्हता. म्हणजे माग त्याच कॉम्प्युटरवर लागला होता.

कुकी म्हणजे साइटनं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती काढली. खरेदीच्या टोपलीत टाकलेलं सामान पुढच्या पानावर गेल्यावरही साइटच्या लक्षात राहावं, हा त्यामागचा एक साधा हेतू होता. यात वाईट काही नाही. आपला दुकानदार आपल्या वहीत आपलं नाव लिहितो, तसंच. पण एकाच पानावर दुसऱ्या कंपन्यांचे तुकडेही असतात: जाहिरातीची चौकट, मोजणी करणारा कोड, 'शेअर करा'चं बटण. ते तुकडेही आपापली चिठ्ठी ठेवू शकतात. चाटी गल्लीतल्या प्रत्येक दुकानाच्या दारात एकाच माणसाची पोरं उभी आहेत, कोण कुठं शिरलं, कशाला हात लावला हे एकाच वहीत टिपतायत, आणि संध्याकाळी त्या वहीवरून ठरतंय की उद्या तुमच्या दारात कोण विकायला येणार. थर्ड-पार्टी कुकी म्हणजे हे. केंद्राच्या पानावर आणि बातम्यांच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असला की वही पूर्ण झाली.

आणि तिसरी गोष्ट. फॉर्ममध्ये तिनं मोबाइल नंबर भरला होता. त्यानंतर फोन यायला लागले, व्हॉट्सॲपवर 'सवलतीचं पॅकेज' यायला लागलं. ती नंबर ब्लॉक करायची, दुसऱ्या नंबरवरून यायचं. स्वतःच्या हातानं जे लिहून दिलं ते कुठलाच ब्राउझर परत आणू शकत नाही. हे तिला सांगणं जड गेलं, पण सांगितलं.

सल्ले

माझ्याकडे यायच्या आधी नवऱ्यानं चार जणांना 'मित्राचा प्रॉब्लेम आहे' म्हणून विचारलं होतं, आणि प्रत्येकानं छातीठोक उत्तर दिलं होतं.

पहिलं उत्तर अर्थातच इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. ती खिडकी बंद केली की त्या ब्राउझरमधली हिस्ट्री आणि कुकीज जातात, इतकंच तिचं काम. ती इन्कॉग्निटोमध्ये शोधत असती तर अण्णांच्या पट्टीत काही आलं नसतं, हे खरं. पण समोरची साइट, इंटरनेट देणारा आणि त्या खिडकीत लॉगिन केलं तर ती कंपनी, यांच्यापासून त्यात काही झाकलं जात नाही. लोकांचा इथं मोठा गैरसमज आहे आणि तो फक्त सोलापुरात नाही. क्रोमच्या इन्कॉग्निटोतही माहिती गोळा होते म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा लागला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं कबूल केलं आणि इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचना जास्त स्पष्ट केली. ती सूचना आजही तिथं असते. सवड काढून एकदा वाचावी.

दुसरा सल्ला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याचा: ब्रेव्ह हा ब्राउझर टाका. तिसरा सीएच्या ऑफिसातला: मायक्रोसॉफ्टचा एज वापरा, सरकारी साइट नीट चालतात. चौथ्यानं थेट टॉर सांगितलं, आपण कोण, कुठून आलो हेच लपवणारा ब्राउझर. आणि नवऱ्यानं स्वतःहून ॲप स्टोअरवरून कुलपाचं चित्र असलेला, 'फ्री व्हीपीएन'सकट येणारा एक ब्राउझर तिच्या मोबाइलवर टाकून दिला होता. कुणी बनवलाय, पैसे कुठून मिळवतो याचा एका ओळीचाही पत्ता नाही. परवानग्यांत मात्र कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन. तो मी सगळ्यात आधी काढला. फुकट व्हीपीएन म्हणजे आपली इंटरनेटवरची सगळी ये-जा एका अनोळखी माणसाच्या अंगणातून नेणं. जाहिरात कंपनीला निदान नाव असतं, खटला भरता येतो. आपल्याकडे लाखो मोबाइलवर असलेला यूसी ब्राउझरही जून २०२० मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होता. तोवर त्याचा मालक कोण, हे किती जणांनी विचारलं होतं?

मी तिला म्हटलं, "वहिनी, ब्राउझर नंतर बघू. कुणापासून लपवायचंय ते आधी सांगा."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आधी घरच्यांपासून. आत्तापुरतं. आणि जाहिरातवाल्यांपासून कायमचं."

माझ्या दृष्टीनं सगळं प्रकरण या दोन वाक्यांत होतं. घरच्यांपासून, म्हणजे त्याच पडद्यासमोर बसणाऱ्या माणसापासून. त्याला उत्तर आहे वेगळं खातं, वेगळं लॉगिन, बंद सिंक. तिथं ब्राउझर कुठल्या कंपनीचा याला काही अर्थ नाही. तेच गाळ्याचं खातं टाकून फायरफॉक्ससारखा दुसरा ब्राउझर सिंक केला असता तर तिथल्याही पट्टीत तेच उमटलं असतं. जाहिरातवाल्यांपासून, म्हणजे प्रत्येक पानात लपलेल्या तुकड्यांपासून. तिथं मात्र ब्राउझरच्या निवडीनं जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सरकार, पोलिस, नेटवर्कवर नजर ठेवणारे यांच्यापासून लपायचं असतं तर गोष्ट तिसरीच झाली असती. ती गरज पत्रकाराला, तक्रारदाराला असते. तिला नव्हती.

निवड

टॉर लगेच बाजूला ठेवला. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघालेली ती कल्पना फार मोलाची आहे. आपली विनंती एकात एक गुंडाळून तीन ठिकाणांहून फिरवली जाते, त्यामुळे सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच कुणाला दिसत नाहीत. पण वेग कमी, आणि अनेक बँका व साइट टॉरमधून आलेल्याला दारातच अडवतात. रोजच्या कामाला ते ओझं झालं असतं. थोरल्या दिरांकडे आयफोन आहे. त्यातला सफारी ब्राउझर मार्च २०२० पासून थर्ड-पार्टी कुकीज मुळातच अडवतो, आणि आपल्याकडे आयफोनवरच्या सगळ्या ब्राउझरचं आतलं इंजिन ॲपलचंच असतं. तिथं हात लावायची गरज नव्हती.

क्रोमबद्दल लोक मला विचारतात, "अक्का, एवढा वाईट आहे का?" सुरक्षेच्या बाबतीत तो वाईट नाही. अपडेट वेळेवर येतात आणि बनावट साइटबद्दल तो चांगला सावध करतो. पण तो बनवणाऱ्या कंपनीची मुख्य कमाई जाहिरातीची आहे. २०२० च्या जानेवारीत तिनं दोन वर्षांत थर्ड-पार्टी कुकीज बंद करू असं जाहीर केलं, मग तारीख पुढे ढकलत राहिली, २०२४ च्या जुलैमध्ये बेत सोडला. आज सेटिंग्जमध्ये जाऊन त्या हातानं बंद करता येतात, पण हातानंच. आणि यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती व माग काढणारे कोड अडवणारा उत्तम एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, क्रोमच्या नव्या नियमांमुळे २०२४-२५ मध्ये तिथून गेला. त्याची 'लाइट' आवृत्ती चालते, पण ताकद कमी. मोबाइलवरच्या क्रोमला तर एक्स्टेन्शन जोडताच येत नाहीत.

मग उरले फायरफॉक्स आणि ब्रेव्ह. इथं मी बराच वेळ घालवला.

ब्रेव्हची मोठी जमेची बाजू ही की टाकल्या क्षणापासून तो अडवायला लागतो, काही लावावं लागत नाही. त्याचे संस्थापक ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा बनवली आणि पुढे फायरफॉक्स बनवणारी मोझिला उभारण्यातही ते होते. माणूस जाणकार आहे. पण २०२० मध्ये ब्रेव्हच्या पट्टीत क्रिप्टो-बाजाराचा पत्ता टाइप केला की कंपनीचा दलालीचा कोड आपोआप जोडला जातो हे उघड झालं. त्यांनी चूक मान्य करून ते काढलं. डकडकगो या सर्च इंजिनच्या ब्राउझरबद्दलही २०२२ मध्ये कळलं की एका करारामुळे तो मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे तुकडे, न अडवता सोडून देत होता. तेही त्याच वर्षी दुरुस्त झालं. फायरफॉक्सच्या मोझिलाला मिळणाऱ्या पैशाचा मोठा वाटा गूगल हे सर्च इंजिन आधीपासून लावून ठेवण्याबद्दल गूगलकडूनच येतो, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वापराच्या अटींची भाषा बदलली तेव्हा लोक इतके चिडले की ती पुन्हा लिहावी लागली. हे सगळं मी तिला सांगितलं, कारण माझा शब्द प्रमाण मानून कुणी ब्राउझर बदलावा असं मला वाटत नाही. कोण कशावर जगतं हे कळलं की पुढची बातमी आली तरी माणूस गोंधळत नाही.

मी फायरफॉक्स निवडला. कारणं तीन. अँड्रॉइडवरही त्यात यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीनं चालतो. २०२२ पासून तो प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो, म्हणजे दारात उभ्या पोराला चिठ्ठी लिहू दिली तरी दुसऱ्या दुकानात ती त्याला उघडता येत नाही. आणि तिसरं कारण माझ्या आवडीचं आहे: क्रोम, एज, ब्रेव्ह हे सगळे क्रोमियम या गूगलच्या एकाच पायावर उभे आहेत. मागाचे सगळे सुटे भाग एकाच कारखान्यातून यायला लागले की भाव आणि नियम तोच ठरवतो, हे सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ब्रेव्ह घेणाऱ्याला मी नको म्हणणार नाही. सेटिंग्जमध्ये पाऊल न टाकणाऱ्या माणसाला मी स्वतःही तोच टाकून देते.

मार्कंडेयाच्या रथाच्या दिवशी

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, गाळा बंद असतो. त्या दिवशी सकाळी मी, ती आणि तिचा नवरा तिघं गाळ्यात बसलो. बाहेर लेझीम, आत आम्ही.

कॉम्प्युटरवर आधी विंडोजची तीन लॉगिन केली: अण्णा, दिवाणजी आणि ती. खरं तर निम्मं काम इथंच झालं. प्रत्येकाची हिस्ट्री, कुकीज, डाउनलोड वेगळे. जुना ब्राउझर काढला नाही. त्यातली हिस्ट्री आणि कुकीज पुसल्या, सिंक बंद केलं, आणि तो फक्त जीएसटी, इन्कम टॅक्स, ई-वे बिल आणि बँक यांच्यापुरता ठेवला. डिजिटल सहीचं डीएससी टोकन तिथं चालत होतं. चालणाऱ्या मागाला कशाला हात लावा. बाकी सगळ्याला फायरफॉक्स, ट्रॅकिंग संरक्षण 'कडक'वर, यूब्लॉक ओरिजिन चालू. पट्टीत सुचवण्याच्या यादीतून हिस्ट्रीची खूण काढली, फक्त बुकमार्कची ठेवली. आता अण्णांनी 'आय' दाबलं की त्यांनी स्वतः लावलेलीच नावं येतात.

तिच्या मोबाइलवरून गाळ्याचं खातं काढलं, तिचं स्वतःचं टाकलं. फायरफॉक्स, यूब्लॉक, बाहेर पडताना सगळं पुसण्याची सोय चालू. सर्चला डकडकगो. मराठीतून शोधलं तर मला त्याचे निकाल थोडे कमी वाटतात, तेही तिला सांगितलं. गरज पडली तर दुसरीकडे शोधा, पण लॉगिन न करता.

मग दिवाणजींची नेहमीची बातम्यांची साइट उघडली. यूब्लॉकच्या छोट्या चिन्हावर आकडा चढायला लागला. एक बातमी वाचून होईपर्यंत अडवलेल्या विनंत्यांची संख्या दोन आकड्यांत गेली होती. ती त्या आकड्याकडे टक लावून पाहत होती. "एवढे जण?" एवढंच म्हणाली.

तपासणी म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं 'कव्हर युअर ट्रॅक्स' हे पान दोन्ही ब्राउझरमध्ये चालवलं. ट्रॅकर अडवण्याच्या बाबतीत फायरफॉक्स सरळ उजवा ठरला. पण ओळखीच्या ठशाचा निकाल दोन्हीकडे वाईट आला: हा कॉम्प्युटर वेगळा ओळखू येतो. स्क्रीनचा आकार, भाषा, टाइम झोन, ग्राफिक्स कार्ड, बसवलेले फॉन्ट, असं सगळं जुळवून कुकी नसतानाही यंत्र ओळखता येतं. मुरलेला विणकर चादरीची किनार बघून माग सांगतो, तसंच. आणि या कॉम्प्युटरवर लेबलं छापायला मराठी-तेलुगू डीटीपीचे ढीगभर फॉन्ट होते, जे जगात फार थोड्या यंत्रांवर असतील. टॉर ब्राउझर सगळ्यांना एकसारखं दाखवून यावर मात करतो, ब्रेव्ह काही उत्तरांत मुद्दाम थोडा फरक घालतो, फायरफॉक्सची कडक सोय काही अंशी झाकते. लेबलांचे फॉन्ट मात्र लागतातच, ते काढता येणार नव्हते. इथं आम्ही थांबलो आणि का थांबलो ते तिच्या वहीत लिहून ठेवलं.

नंतरच्या आठवड्यांत कुरबुरी झाल्या. सुताच्या एका व्यापाऱ्याच्या साइटवर पैसे भरताना बँकेचं पान परत येईना. फायरफॉक्सच्या पट्टीतल्या ढालीवर टिचकी मारून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण सैल केल्यावर चाललं. एका बातम्यांच्या साइटनं ॲड-ब्लॉकर बंद करा म्हणून पडदा टाकला. दिवाणजींनी ती साइट सोडून दुसरी धरली. अण्णांना दोन ब्राउझर कशाला, हे पटायला वेळ लागला. एकदा मला म्हणाले, "आपल्याच घरात कसली आलीय प्रायव्हसी?" मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही स्क्रीन वळवलीत ना, तीच." ते काही बोलले नाहीत. पण लॉगिनचा पासवर्ड मात्र त्या दिवसापासून टाकायला लागले. नवरा-बायकोनं पुढे आपल्या सवडीनं घरात सगळं सांगितलं, ते सांगायची वेळ त्यांचीच होती.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली.

गणपतीत त्यांच्या घरी आरतीला गेले होते. हॉलमध्ये वीसेक माणसं, भिंतीवरच्या टीव्हीवर आरतीचा व्हिडिओ लावलेला. आरती संपली, व्हिडिओ संपला आणि पडद्यावर पुढच्या व्हिडिओंची रांग आली. पहिला भजनाचा. दुसरा आयव्हीएफनंतरच्या आहाराचा. मला त्या यादीतला चौथा मॉडेल नंबर आठवला. तो टॅब नव्हता. टीव्ही घेतला तेव्हा दुकानातल्या माणसानं गाळ्याचंच खातं त्यात टाकून दिलं होतं, आणि तिनं मोबाइलवर त्याच खात्यातून पाहिलेले व्हिडिओ अजून त्याच्या हिशोबात होते. मी ब्राउझर पुसला होता, खात्यातली व्हिडिओंची नोंद पुसलीच नव्हती.

लोक प्रसादाला वळले होते. ती ताट घेऊन दारात उभी होती, नजर टीव्हीवर. मी उठले, अण्णांकडून रिमोट मागून घेतला आणि टीव्ही बंद केला. पाहुणे गेल्यावर सेटिंग्ज उघडून ते खातं काढलं, मग तिच्याच मोबाइलवरून खात्यातली जुनी नोंद वर्षावर्षानं पुसली, आणि उपकरणांची यादी एकेक ओळ मोठ्यानं वाचत तपासली. आता तिथं दोनच नावं आहेत: गाळ्याचा कॉम्प्युटर आणि अण्णांचा मोबाइल.